आईची राहिलेली पानं

३ ऑक्टोबर, शुक्रवार. दिग्रस

"कोनी विचारलं तं सांगजो, आई मामाकडे गेली." दादा अकरा वर्षांचा होता तेव्हा मला म्हणाला. मी सहा.

आई मामाकडे नव्हती. नागपूरला वेड्यांच्या इस्पितळात होती, वर्षभर. बरी होऊन आली, पुढे कितीतरी वर्षं संसार केला, गेली. आम्ही दोघांनी मात्र ते वर्ष अजून मामाकडेच ठेवलंय.

आता तिच्यावरचं पुस्तक लिहून झालं. प्रकाशकांना दिवाळीआधी हवं. दादाला विचारल्याशिवाय देणार नाही, हे माझं मीच ठरवलेलं. फोनवर म्हणाला, "मोबाईलवर मले वाचता येत नाई. कागदावर दे. मंग सांगतो." महागावला त्याची सोयाबीन काढणी चालू. मीनूचं, त्याच्या पोरीचं, लग्नही जमवताहेत. आजीला वेड लागलं होतं हे छापून आलं तर पाहुणे काय म्हणतील... तो बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती.

झेरॉक्सच्या दुकानात देता येत नाही. पानं निघेपर्यंत काउंटरवरचे चौघे वाचून मोकळे. घरचाच प्रिंटर.

आज पहिलं पान काढलं. प्रत्येक ओळीतून पांढरी रेघ. शिरोरेघा गायब, अक्षरं नुसती लोंबताहेत.

५ ऑक्टो., रवि.

नोझल चेकचं, चाचणीचं पान काढलं. काळ्या रंगाच्या रेघा मध्येच तुटलेल्या. हेड क्लीनिंग केलं, मशीन शाईनेच आपलं तोंड धुतं ते. परत केलं. परत. जरा सुधारतं, लगेच बिघडतं.

नवऱ्याने, वि.ने, टॉर्च मारून पाहिलं. कागद घालायच्या फटीत अक्षता. आत, जिथे हेड येऊन टेकतं त्या रबरी खाचेत, शाईत कालवलेली हळद. सासूबाईंनी खंडेनवमीला विळी, शिलाई मशीन, वि.ची स्कूटर पुजली, तसा प्रिंटरही.

"आई, झाकण उघडून कायले टाकली वं हळद?"

"विळीले धारीवर लावतो ना? मंग याच्या तोंडाले नाई लावाची? तुह्या बायकोचं तेच हत्यार हाय."

वि. हसत सुटला. मलाही हसू आलं आणि त्याच्याखाली कुठेतरी रडूही. कान साफ करायच्या काड्या कोमट पाण्यात बुडवून तासभर पुसत बसले. हळद काही सहजी सुटत नाही.

६ ऑक्टो., सोम.

सकाळपासून छापते आहे. काळा येतो, पण थोडी पानं झाली की परत रेघ. रेघ आली की क्लीनिंग. वि. कॉलेजला निघताना म्हणाला, "एवढी धुवून राह्यली, ती धुतलेली शाई जाते कुठं?" मी लक्ष दिलं नाही.

दुपारी कळलं. दोन दिवे आलटून पालटून लुकलुकायला लागले. वेस्ट इंक पॅड भरला. धुतलेली शाई खाली एका स्पंजात जिरते, आणि स्पंज भरला असं मशीनच्या हिशेबात आलं की ते पुढे एक ओळ छापत नाही. पान स्वच्छ यावं म्हणून मीच त्याचा स्पंज भरत होते.

आईला न्यायला जीप आली आहे आणि ती दादाच्या डोक्याला तेल लावते आहे, इथे छापणं थांबलं. पुढे सगळं नागपूर. त्यातलं एकही पान नाही.

८ ऑक्टो., बुध.

प्रिंटर घेऊन यवतमाळला दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आले. पॅड नाही. "मशीन ठेवून जा मॅडम, दिवाळीनंतर पाहू." मशीनमधून कोणी काही वाचू शकत नाही हे माहीत आहे, तरी ठेवायला मन होईना.

घरी आले तर टेबलावर छापलेल्या पानांचा गठ्ठा नाही.

"तुहा भाऊ आलता," सासूबाई म्हणाल्या. "ट्रॅक्टरचा काही पार्ट घ्याले. त्याच्याचसाठी ठेवलतं ना? देऊन टाकलं. चहाले बी थांबला नाई."

"पुरं नव्हतं ते."

"मंग पुरं नसताना इतकं सरळ रचून कायले ठेवलं?"

दादाला फोन लावला. उचलत नाही. शेतात असेल.

९ ऑक्टो., गुरु.

दादाचा फोन. इतका हलका आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

"नंदे, दोनदा वाचलं. तेलाचं तुले कसं आठवलं वं? तू तं एवढीशी होती." मग म्हणाला, "मले वाटलं, तू ते नागपूरचं लिहितं. नाई लिहिलं, बरं केलं. दे छापाले."

मी म्हणाले, "जेवलास का?"

होकार आहे. आत्ता सगळी फाईल प्रकाशकांना पाठवली तर... त्याला कळेपर्यंत पुस्तक हातात असेल. हा विचार आला आणि मी त्याला लगेच हाकलला नाही. चहा होईपर्यंत तो माझ्याजवळ बसून होता.

१० ऑक्टो., शुक्र.

वि. म्हणतो, "हो म्हटलं ना दादानं? मंग आता काहून तोंड उतरवून बसली?"

"अर्ध्याला म्हणाला."

"तं उरलेलं काढून टाक. पुस्तक काही मरत नाई."

प्रिंटर उलटा फिरवला, मागचा स्क्रू काढला. स्पंज हातात आला तो जड, गारगार, कोपरापर्यंत काळी धार. बादलीत पिळला. काळं पाणी, मग जांभळं, मग निळसर. सासूबाई ओरडल्या, "मोरीत नोको वं बाई, डाग जाणार नाई! आंगणात धू." मागच्या अंगणात धुतला, तारेवर वाळत घातला. शेजारी वि.चे शर्ट.

नखं काळी. पोळ्या सासूबाईंनी केल्या.

११ ऑक्टो., शनि.

वाळला. बसवला. वि.ने इंटरनेटवरून काहीतरी उतरवून मशीनचा आकडा शून्यावर आणला. मी ऐकलं नाही म्हणून रागात असला तरी केलं. दिवे शांत झाले.

नागपूरची पानं निघाली. शिरोरेघा सलग. पहिल्यांदाच कागदावर वाचली. आई डॉक्टरांना विचारते, पोराच्या डोक्याला तेल कोण लावत असेल, तिथे मी पुढे चार ओळी रडगाणं लिहिलं होतं. खोडलं. ते पान परत काढलं.

१२ ऑक्टो., रवि. महागाव

पुसदला गाडी बदलून आले. अंगणात ताडपत्रीवर सोयाबीन. दादा खाटेवर.

"ही राहिली होती. प्रिंटर बंद पडला होता, म्हणून तुझ्याकडे आली नाहीत."

चष्मा लावला. पहिली ओळ वाचली. पान उलटं करून उशीखाली सारलं. काढणीचं विचारलं तर नीट बोलला, भाव, पाऊस, सगळं. पानांचं एक अक्षर नाही. मीनू चहा घेऊन आली, बापाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पोरगी पंचविशीची आहे, लग्नही तिचंच.

कप खाली ठेवला. तो नाहीच म्हणणार, माझी नजर मीनूवर गेलेली पाहून त्याची मान आधीच हलायला लागली होती. तरी म्हणाले, "दादा, तू नको वाचू. मीनूला वाचू दे."