शेगडीजवळचे ठोकळे

कोश-बुलाक,
१८ नोव्हेंबर २००२

ती. अनारकुल एजेस,
धाकट्या भावाचा सलाम वि. वि.

तुझं पत्र बसवाल्याने काल दिलं. पाकीट फोडलेलं होतं. विचारलं तर म्हणतो, त्याला कुठे वाचता येतं, मग काय बिघडलं.

इथे सगळं ठीक. थंडीने आईचे गुडघे धरलेत, जीभ मात्र शाबूत आहे. इंजिनियर व्हायला बिश्केकला पाठवला आणि दोन वर्षांत सिमेंट कालवायला परत आला, हे मला रोज चहाबरोबर मिळतं. वर्गातल्या त्या पोराला बडवलं आणि कॉलेज सुटलं, याचा मला अजूनही पश्चात्ताप नाही. जिच्याशी मला लग्न करायचंय त्या सेझिमबद्दल तो जे बोलला ते तू ऐकलं असतंस तर तूच चप्पल काढली असतीस.

कादिरकुल मामांना पेन्शन कार्यालयाच्या नव्या इमारतीचं टेंडर मिळालं, हे आईने कळवलंच असेल. मी त्यांच्याच हाताखाली आहे. हरलेल्या ठेकेदाराने तक्रार ठोकली आणि कामाचा आदेश चार महिने अडकला. तो निघाला सप्टेंबरात, आणि सरकारी निधी एकतीस डिसेंबरला परत जातो. म्हणून दहा तारखेला, उणे बारा असताना, मोठ्या दालनावरचा स्लॅब ओतला. वर गवत आणि ताडपत्री. सकाळी पाहिलं तर गवताखाली बर्फ.

माझं काम ठोकळ्यांचं. ज्या काँक्रीटचा स्लॅब, त्याच काँक्रीटचे विटेएवढे ठोकळे पाडायचे आणि अठ्ठावीस दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून बघायचे. नियम असा की ठोकळे स्लॅबशेजारीच, त्याच थंडीत ठेवायचे. आपल्याकडे ते पहारेकऱ्याच्या खोलीत शेगडीजवळ ठेवतात. म्हातारा त्यांच्यावर किटली ठेवतो. मी बोललो तर मामा हसले, म्हणाले, ठोकळ्यांना सर्दी झाली तर तू निस्तरशील का.

दुसरी बातमी म्हणजे सेझिमची याच कार्यालयात खिडकीवर निवड झाली. मामा म्हणालेत की इमारत ताब्यात दिली की ते स्वतः आईला घेऊन तिच्याकडे जातील आणि तिच्या कानात आपल्या घरची कर्णफुलं घालतील. मग मागणी पक्की. वडलांच्या जागी आता तेच, त्यांच्याशिवाय तिचे वडील दार उघडणार नाहीत.

माया असू दे.
तुझा,
नुरगाझी


बिश्केक,
२९ नोव्हेंबर

चि. नुरगाझीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

शिवणखान्यात शाळेच्या गणवेशांची घाई आहे, म्हणून उशीर. आईला लोकरी पट्टे पाठवलेत, ते तिच्या गुडघ्यांसाठी आहेत, तुझ्या कमरेसाठी नाहीत.

सेझिमचं वाचून बरं वाटलं. तुझ्यासारख्या तापट माणसाला हो म्हणणारी पोरगी एक तर फार शहाणी असते, नाही तर बहिरी. भेटले की कळेल. आता तोंड सांभाळ. बाबा गेल्यावर मामांनी आपल्याला एक दिवस उपाशी ठेवलं नाही. कॉलेजात केलंस ते कामावर करू नकोस.

पण ठोकळ्यांबद्दल एवढं सविस्तर का लिहिलंस? घोकून ठेवल्यासारखं वाटलं. काही लपवतोस का?

तुझी,
अनारकुल


कोश-बुलाक,
१२ डिसेंबर

ती. एजेस,
सलाम वि. वि.

लपवत होतोच. त्या दिवशी मी तीन ठोकळे जास्त पाडले होते आणि कुणाला न सांगता वर स्लॅबवर, ताडपत्रीखाली ठेवले होते. आठ तारखेला दोन्ही संच घेऊन प्रयोगशाळेत गेलो. शेगडीजवळचे पास झाले. वरचे तिन्ही यंत्राने नुसते धरले आणि शिळ्या पावासारखे चुरले. तिथल्या बाईने चष्मा वर करून विचारलं की हे कुठले. मी म्हणालो, असेच, गंमत म्हणून. तिने झाडू आणला.

मामांना सांगितलं. वाटलं होतं की मारतील. त्यांनी बसवलं, चहा दिला. म्हणाले, वसंतात बर्फ वितळलं की काँक्रीट पुन्हा जोर धरतं, चाळीस वर्षं सगळे असंच बांधत आलेत. म्हणाले, निधी परत गेला तर बावीस माणसं हिवाळाभर घरी बसतील, त्यांच्या बायकांना तू जाऊन सांग. शेवटी कामाची वही पुढे केली. तापमान शून्याच्या वर, ठोकळे जागेवर, खाली माझ्या सहीची मोकळी जागा. जागेवरचा माणूस मीच ना.

सेझिमला सांगितलं तर ती माझ्यावरच उसळली. म्हणाली, दोन वर्षं त्या जागेसाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, वडील अंथरुणाला खिळलेत, इमारत अडली तर जागा दुसऱ्या गावाला जाईल. तू कॉलेज सोडलंस म्हणून मी नोकरी सोडायची का, असं विचारलं. त्याच छताखाली तू बसणार आहेस, हे मात्र मी तिला सांगितलं नाही.

सही अजून केलेली नाही. सव्वीसला समिती येते. तू सांगशील तसं करीन.

नुरगाझी


बिश्केक,
१७ डिसेंबर

चि. नुरगाझीस,
आशीर्वाद वि. वि.

सही कर.

तीन रात्री विचार केला. मला काँक्रीटमधलं कळत नाही, मामांना कळतं. तू अडलास तर मामा बुडतील, मुलगी जाईल, आणि आई त्या गावात कुणाच्या तोंडाकडे बघेल? पाप असलं तर माझ्या माथी. तुझी एजे आहे मी, थोरली बहीण.

आईची कर्णफुलं माझ्याकडे होती, ती बसवाल्याबरोबर कापडात शिवून पाठवली आहेत. या वेळी त्याने फोडलं तर मला कळव.

तुझी,
अनारकुल


कोश-बुलाक,
३० डिसेंबर

ती. एजेस,
सलाम वि. वि.

केली सही. समितीतले पाचजण आले. मेंढा कापला, पाहुण्यांना मान म्हणून डोकं अध्यक्षांपुढे ठेवलं. दालनात ते सात मिनिटं होते, जेवायला तीन तास. छताकडे फक्त एकाने पाहिलं, आणि तेही दिवा छान आहे म्हणायला.

परवा कर्णफुलं घातली. आई रडली, सेझिमने तिचे हात धरले. मी इतका आनंदात होतो की दोन दिवस ठोकळे आठवले नाहीत. आज आठवले.

तुझा,
नुरगाझी


कोश-बुलाक, पोलीस ठाणे,
११ एप्रिल २००३

ती. एजेस,
सलाम वि. वि.

हे पत्र इथला शिपाई आणेल, शाळेत माझ्या बाकावर होता. घाबरू नकोस. दंगा केला म्हणून पंधरा दिवस दिलेत.

मार्चअखेर छपरावरचं बर्फ सुटलं आणि दालनाच्या छतात बोटभर चीर पडली, बरोबर खिडक्यांच्या वर. मामांनी चुना फासला. चार दिवसांत ती चुन्यातून पुन्हा वर आली. आता छत मधोमध खाली आलंय, उभं राहून पाहिलं तर दिसतं. कार्यालयाच्या प्रमुखांकडे गेलो. त्यांनी वही काढून माझीच सही मला दाखवली आणि विचारलं की तेव्हा खोटं लिहिलं की आता बोलतोस. मी म्हणालो, तेव्हा. ते म्हणाले, मग आता तरी खरं बोलतोस कशावरून.

दहा ते वीस तारखा पेन्शनच्या. काल सकाळी मी दारात आडवा उभा राहिलो. म्हाताऱ्यांना सांगत होतो की आत जाऊ नका. कुणी म्हणे प्यायलाय, कुणी म्हणे पोरीशी भांडण झालंय. एका आजोबांनी काठी घातली. मग मी सुरक्षारक्षकाला ढकललं, तेवढंच त्यांना हवं होतं. सेझिम बाहेर आली. सगळ्यांसमोर कर्णफुलं काढून माझ्या खिशात टाकली आणि परत आत जाऊन बसली.

आईची पेन्शन पंधराला आहे. मामा तिला गाडीने नेणार आहेत. माझं कुणी ऐकत नाही. तू ये.

नुरगाझी


कोश-बुलाक,
१५ एप्रिल

चि. नुरगाझीस,
आशीर्वाद वि. वि.

काल उतरले, ते सरळ त्या दालनात. छत पाहिलं. कळायला काँक्रीट शिकावं लागत नाही.

आज सकाळी दारात मी उभी राहिले. रक्षकाने विचारलं, मी कोण. म्हणाले, त्याला सही कर म्हणून सांगणारी. मामा गाडीतून उतरले, माझ्यासमोर आले, आणि वळून आईला परत गाडीत बसवायला लागले. आई बसली नाही. पायरीवर माझ्या शेजारी बसली, गुडघे चोळत. मग तिच्या ओळखीच्या दोघी बसल्या. दुपारपर्यंत सव्वीस म्हाताऱ्या होत्या. तुला त्यांनी बेवडा म्हटलं होतं, मला म्हणाल्या, पोरी, चहा तरी आणायचास.

प्रमुख वैतागले, पण सव्वीस म्हाताऱ्यांना उचलणार कोण? पेन्शन शेवटी सेझिमने आतून, बाजूच्या खिडकीतून बाहेर वाटली.

सेझिम मात्र बाहेर आली नाही. मी काचेवर वाकून दोनदा बोलावलं. तिने मान न उचलता पुढचं नाव पुकारलं. खुर्ची सोडली तर जागा सोडल्याचं लिहितील, असं तिला वाटतं. कदाचित लिहितीलही. एकटीच होती त्या एवढ्या दालनात, आणि तिच्या डोक्यावर ते छत.

उद्या पुन्हा जाते. ती बाहेर येईपर्यंत जाईन.

तुझीच,
अनारकुल