खिडकीतला लाल दिवा

प्रिय बाबा,

तिकडे ॲरिझोनात तू अर्ध्या चड्डीत संत्री सोलत बसला असशील. इथे मिनेसोटात मी घरातच दोन कोट घालून लिहितेय. माझं शुद्धलेखन सांभाळून घे, शाळेने माझा नाद कधीच सोडला होता. पण फोनवर तू बोलायला लागलास की माझी वाचाच बसते.

आधी घर गरम ठेवणाऱ्या त्या भट्टीचं. डेनी मेकॅनिक तळघरात उतरला आणि तिला बघून म्हणाला, "काय आजीबाई, अजून आहात?" पोटातला पत्रा तडकलेला नाही, फक्त पेटवणारा भाग गेलाय. तो बदलला तर आणखी काही हिवाळे काढेल. नवी घेतलीस तर गॅस कमी लागेल आणि ही धडधड थांबेल. मला तर ती धडधड आवडते. लहानपणी मी गरम हवेच्या जाळीवर उभी राहून झगा फुगवायचे आणि आई ओरडायची, "मारिट, सगळी ऊब एकटीच खाऊ नकोस!" बघ, भरकटले.

तू म्हणालास, एरवी दुरुस्तच केली असती, पण आता नवीच घ्यायची. माझा पाय काही घरात टिकत नाही, मग जुनी पुन्हा बंद पडली तर कळणार कुणाला? "समोरच्या अर्व्हिडला आता दिसत नाही. त्याच्याकडची चावी परत घेऊन ये." इतकी वर्षं तू हिवाळ्यात दक्षिणेला जातोस आणि अर्व्हिडकाका रोज सकाळ-संध्याकाळ आपल्या खिडकीकडे बघतो. घर गारठलं की आपोआप पेटणारा तो लाल दिवा लागलाय का, ते पाहायला.

भट्टी बंद पडायच्या आधी माझी मैत्रीण लेना गाडी घेऊन आली. डुलुथला तळं गोठलंय, बर्फावर तंबू ठोकून मासे पकडायचे, चल म्हणाली. माझे बूट ओले होते. खिडकीजवळ एकच सॉकेट, म्हणून मी केस वाळवायचं यंत्र तिथे लावलं आणि बूट सुकवले. बाहेर लेना हॉर्नवर हॉर्न. "अगं ए, लग्नाला चाललीयेस का?" मी तशीच पळाले. एका रात्रीसाठी गेले होते, पण तिथे एकाने बर्फातून अख्खं अस्वल कोरायला घेतलं होतं, ते पुरं होईपर्यंत थांबले. तुला कळवलंही नाही.

परत आले तर भट्टी बंद पडलेली, न्हाणीघरातला नळ गोठून फुटलेला आणि अर्व्हिडकाका गुडघ्यांवर बसून पाणी पुसतोय. अंगणातला बर्फ काढायला आला होता, तेव्हा खिडकीच्या काचेला आतून बर्फ धरलेला दिसला. माझ्यासमोरच त्याने तुला फोन लावला. "दिवा लागला होता रे, हॅल्व्हर. मलाच म्हाताऱ्याला दिसला नाही." मी खिडकीकडे पाहिलं. दिवा लाल पेटलेला. शेजारी केस वाळवायचं यंत्र, वायर नीट गुंडाळून ठेवलेली.

बाबा, दिव्याचा प्लग मी काढला होता. बूट सुकवायला. जाताना परत लावलाच नाही. काकाने तो लावला आणि मला एका शब्दाने विचारलं नाही.

एवढ्यावरही थांबले असते तर बरं. काल तू सांगितलंस म्हणून त्याच्याकडे गेले. मी तोंड उघडायच्या आत त्याने जुडग्यातून आपली चावी काढून टेबलावर ठेवली. "घे पोरी, आता चष्मा बदलायला हवा," म्हणून हसला, मला कॉफी दिली, वेलचीचा पाव दिला. मी दोन तुकडे खाल्ले आणि चावी खिशात घालून घरी आले. ती आत्ता या कागदावर ठेवलीय, वारा नसतानाही.

भट्टी दुरुस्त कर नाहीतर नवी घे, घर तुझं आहे. पण ते अर्व्हिडकाकाच्या डोळ्यांवरून ठरवू नकोस, ते शाबूत आहेत. पत्र पेटीत टाकलं की मी चावी घेऊन त्याच्याकडे जातेय आणि या वेळी खायला बसायच्या आधी बोलणार आहे. तू त्याला फोन कर. माझ्यावर मागाहून ओरड.

तुझीच, तोंड लपवून बसलेली,
मारिट