पानात बांधलेली मांदेली

सोम. १० नोव्हें.
नवऱ्याची, मिंगेलची होडी सकाळी किनाऱ्याला लागली. जाळं झाडायला मीही गेले. मांदेली अर्धी टोपली, बाकी नुसत्या प्लास्टिकच्या पिशव्या. एक गुलाबी, गाठ मारलेली. उघडली तर आत खवले आणि कल्ले. कुणीतरी मासळी नेली, साफ केली, घाण त्याच पिशवीत बांधून खाडीत टाकली. ती पिशवी माझ्यासारख्या कुणा मासळीवालीनेच दिलेली. कदाचित मीच. मिंगेल जाळं कुठे फाटलंय ते बघत बसला.
उद्यापासून बाजारात माझ्या मासळीच्या पाटावर पिशवी नाही. लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

मंगळ. ११
आई, म्हणजे सासूबाई, सकाळीच म्हणाल्या, "गिऱ्हाईक हात हलवत येतं. त्याला काय पदरात बांदून देशील?"
तसंच झालं. सातजणी भाव ठरवून, पिशवी नाही ऐकल्यावर शेजारी सुमनच्या पाटावर गेल्या. सुमन माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती माझ्याकडे बघत नव्हती, बंडलातून पिशव्या मात्र सटासट ओढत होती. बंदी आहे म्हणतात. बंडल सगळ्यांच्याच पाटाखाली असतं.
उरलेली मांदेली मीठ लावून वाळत घातली.

शुक्र. १४
आज पण तेच. जेवताना आई आपणहून बोलल्या, "आमच्या टायमाला पिशवी होती कुटं? केळीच्या पानात द्यायचो."
म्हटलं, दाखवा.
वाडीतून वाऱ्याने फाटलेली पानं मागून आणली. आधी विस्तवावर धरायची, म्हणजे घडी घालताना चिरत नाहीत. बांधायला केळीच्या सोपाची, खोडाच्या सालीची दोरी. आईंचा चहाचा कप हल्ली हिंदकळतो. गाठ मारताना हात जराही हलला नाही.

रवि. १६
चर्चमधला मिस्सा सुटल्यावर बाजारात गर्दी. पानातली मांदेली बघून लोक थांबले. एका म्हाताऱ्याने पुडी नाकाशी धरली, "माझी आई अशी आणायची," एवढंच म्हणाला.
तासाभराने एक बाई परत. बोंबलाचं पाणी गळलं, रिक्षाची सीट भिजली, रिक्षावाला नको नको ते बोलला. सगळ्यांसमोर मला झापलं. चूक माझीच. दुसरे बोंबील दिले. सुमन हसली. ते लागलं.

बुध. १९
बोंबील फक्त डब्यात. घरातले अकरा डबे पाटावर नेले, ओळखीच्या गिऱ्हाइकांना दिले. मिंगेल म्हणाला, "गेले समज."
"येतील."
म्हटलं खरं.

शनि. २२
नऊ आले! घासून, पुसून. स्टेशनजवळच्या बिल्डिंगमधल्या काकूंच्या डब्यात चार लिंबं. रिकामा डबा परत देऊ नये म्हणे. त्या माझ्याकडे मासळी घ्यायच्या, बोलायच्या नाहीत कधी. आज नाव विचारलं. अकरा वर्षांनी.
दोन डबे अजून यायचेत. मिंगेलला फक्त नऊचं सांगितलं.

गुरु. २७
बाजारातल्या बायांची बैठक. मला बोलायला उभं केलं. गुलाबी पिशवीचं सांगितलं. बोंबलाचंही सांगितलं, लपवलं नाही. मागून आई कुणाला तरी म्हणाल्या, "माजी सून हाय ती." दोनदा म्हणाल्या. चौदा वर्षांत माझ्याबद्दल असं बोललेलं पहिल्यांदा ऐकलं.
पिशवी बंद करायला एकोणीसपैकी अकरा हात वर. सुमनचा मांडीवरच. म्हणाली, "तुझा नवरा होडीवर जातो. माझं घर या एका पाटावर. तुझं गिऱ्हाईक गेलं तर तू मासळी वाळवशील. माझं गेलं तर?"
खरं बोलली. अकरा हातांचा आनंद आहेच, पण…

शुक्र. २८
सुमन बोलत नाही.
मागे पिशवीसाठी तिच्याकडे वळलेल्या दोघी आज माझ्याकडे आल्या, स्वतःचे डबे घेऊन. एरवी केवढा अभिमान वाटला असता. एकीला सांगितलं, कोळंबी आज सुमनकडे चांगली आहे. तशी ती होतीच.

रवि. ३०
काल दुपारी सुमन घरी आली. माझ्याशी नाही, सरळ आईंशी बोलली. "पान किती वेळ धरता विस्तवावर?"
आई सरकल्या, तिला जागा दिली. पहिली पुडी सुटली. दुसरीही. तिसरी टिकली. आईंनी उलटी धरून हलवून बघितली.
"गिऱ्हाईक थांबंल का?" सुमनने विचारलं.
"काय थांबतात, काय जातात," आई म्हणाल्या. खोटं सांगितलं नाही.
करते म्हणाली नाही. नाही पण म्हणाली नाही. जाताना सहा पानं घेऊन गेली.
आज सकाळी पाट मांडताना वाकून बघितलं. सुमनच्या पाटाखाली पिशव्यांचं बंडल जिथल्या तिथे आहे. पानं त्याच्यावर ठेवलीत.