आमच्या पलंगावरची हेर

सोमवार, १० मार्च

पत्र आलं! अकरा वर्षं भाड्याच्या घरासाठी रांगेत होते, आज नंबर लागला. झ्वोले शहरात, एकटीपुरता फ्लॅट, तिसरा मजला, समोर कालवा. हो की नाही ते गृहसंस्थेला २ एप्रिलपर्यंत कळवायचं. एव्हर्टला बोलले नाही. बोलणार कधी? तो रेडिओ ऐकत होता. बायकोपेक्षा रेडिओशी त्याचं जास्त जमतं.

पत्र शिवणाच्या डब्यात ठेवलंय. त्या डब्याला तो जन्मात हात लावायचा नाही.

मंगळवार, ११ मार्च

आणि नेमके आजच सिनेमावाले दारात. योरिंदे नावाची दिग्दर्शिका, पोरसवदाच, पण आवाज असा की कुत्रीसुद्धा खाली बसतील. आमची बेडरूम बघून तिचा जीवच जडला तिच्यावर. युद्धाच्या काळातली गोष्ट आहे म्हणे. आपल्या बाजूची एक डच मुलगी बातम्या काढायला जर्मन अधिकाऱ्याच्या बिछान्यात शिरते, आणि शिरता शिरता तिलाच कळेनासं होतं, सोंग कुठलं आणि खरं कुठलं. पुष्कळसा सिनेमा बिछान्यातच घडतो. "इथलं काहीही हलवू नका," योरिंदे म्हणाली. चाळीस वर्षांत आम्ही खुर्ची हलवली नाही, त्याचं कुणीतरी कौतुक केलं एकदाचं.

दोन आठवडे आम्ही परसातल्या कॅरव्हॅनमध्ये राहायचं. एव्हर्ट लगेच "चालेल" म्हणाला. कॅरव्हॅनमध्ये पलंग एकच आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नसावं.

घरात आमच्या दोन खोल्या. मोठीत मी, छोटीत तो. होडी विकली तेव्हापासून. होडी दोघांची होती, विकली त्याने. एका शब्दाने विचारलं नाही. मी दुसऱ्याच दिवशी झ्वोलेच्या घरांच्या यादीत नाव घातलं, मीही विचारलं नाही. फिट्टंफाट.

शुक्रवार, १४ मार्च

गल्लीत हाहाकार. सिनेमावाल्यांनी आमच्या खिडक्यांना काळे पडदे लावलेत, विमानांना उजेड दिसू नये म्हणून त्या काळी लावायचे तसे. भरदुपारी आत रात्र! आता आमच्या गल्लीत पडदे कोण लावतं? पडदे ओढले म्हणजे घरात कुणी गेलं तरी, नाहीतर काहीतरी लाजिरवाणं चाललंय तरी. समोरची रीकिया दहा वाजताच सफरचंदाचा केक घेऊन हजर.

"डिनेके, मी आपली सहज आले हो."

"सहज? तुझा केक तर नुसता वाढदिवसाला असतो."

"बरं, मग सांग तरी. अगदीच उघडे असतात का गं ते?"

मला तरी कुठे ठाऊक! पण मी "अगदीच" म्हणून ठोकून दिलं. बिचारीने दुसरा तुकडा स्वतःच खाल्ला.

शनिवार, १५ मार्च

कॅरव्हॅनमध्ये गारठा. पहाटे एव्हर्ट म्हणतो, "तुझे पाय अजून तितकेच गार आहेत." वर्षभरातलं त्याचं सर्वांत लांब वाक्य.

मंगळवार, १८ मार्च

हसून हसून पोट दुखलं. पलंग करकरतो! एरवी कुणाला ऐकू येत नव्हतं, एकटीच्या वजनाने काय करकरणार. आज प्रेमाचा मोठा प्रसंग होता आणि दर वेळी मध्येच बदकासारखा आवाज. आवाजवाला कपाळाला हात लावून बसला. शेवटी एव्हर्टला बोलावलं. तो तेलाचा डबा घेऊन पलंगाखाली शिरला, मी वर टॉर्च धरून.

तेवढ्यात अधिकारी झालेला फ्लोरिस अंगाला चादर गुंडाळून योरिंदेशी वाद घालायला लागला. (अगदीच उघडा नव्हता. अंगाच्या रंगाचं काहीतरी चिकटवतात. आणि पायात एव्हर्टचे लोकरी मोजे, मीच दिले, पोराला सर्दी झालीय. चादरीखाली ते काही दिसत नाहीत.)

"ती हेर आहे, हे याला कळलंय की नाही?"

"दुसऱ्याच दिवशी कळलंय," योरिंदे म्हणाली.

"मग बोलत का नाही?"

माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "कळूनही गप्प बसायचं आणि रोज तिच्या शेजारी निजायचं? हे प्रेम नाही, हा भेकडपणा. माझा नवरा असता तर डोक्यात किटली घातली असती."

सगळे हसले. पलंगाखालून एव्हर्ट म्हणाला, "टॉर्च जरा इकडे धर."

पलंग आता मुका झालाय. प्रसंग झाला. मी दाराच्या फटीतून पाहिला. ती मुलगी त्याच्या छातीवर डोकं ठेवून भिंतीकडे बघते, त्याच्याकडे नाही. मला एकदम शिवणाचा डबा आठवला. चांगलं नाही वाटलं.

शनिवार, २२ मार्च

दिवसभर पाऊस, कॅरव्हॅनमध्ये अडकलो. वाटाण्याचं सूप केलं, पत्ते काढले. तो हरत होता, तरी मूड बरा बघून विचारून टाकलं, होडी का विकलीस?

त्याने हातातले पत्ते खाली ठेवले. मग म्हणाला, "पुलाच्या खांबाला घासली होती."

"कुठल्या पुलाच्या?"

"माझ्याच."

तीस वर्षं हा त्या पुलावर राखणदार, होड्या आल्या की पूल उचलणारा! येणाऱ्याजाणाऱ्या नावाड्यांना वरून शिव्या द्यायचा, डोळे फुटले का म्हणून. आणि स्वतःचे डोळे अधू झाल्यावर त्याच पुलाला होडी ठोकून आला. लाजेने आठवड्यात विकून मोकळा.

"अरे, मग मला सांगायचंस ना."

"तू हसली असतीस."

हसलेच असते! आज हसले, अकरा वर्षं उशिरा. सूप सांडलं. तोही हसला, आधी तोंड वाकडं करून, मग मोकळा. दात नवे आहेत त्याचे, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीपायी आम्ही दोन खोल्या केल्या. राग आला, रडूही आलं. मग त्याला आणखी दोन डाव हरवलं.

शुक्रवार, २८ मार्च

सिनेमावाले गेले. पडदे काढले. रीकियाने रस्त्यातूनच हात केला, आता तिला आतलं सगळं दिसतंय आणि बघण्यासारखं काही नाही.

एव्हर्टची उशी मोठ्या खोलीत आलीय. मी तिला नवा अभ्रा घातला.

मंगळवार, १ एप्रिल

झ्वोलेला नाही म्हणणार. कालवा काय, इथे अख्खी नदी आहे. पण याला सांगू का? अकरा वर्षं जायच्या तयारीत होते, हे आता कशाला सांगायचं? बरं चाललंय. कायमचं दुखेल त्याला. पत्र उद्या शेगडीत.

बुधवार, २ एप्रिल

फोन करून नकार कळवला. पलीकडची बाई हळहळली. "अहो, दर जानेवारीत आमची मेल आली की संगणकावर नाव पुन्हा नोंदवावं लागतं, लोक विसरतात आणि यादीतून जातात. तुम्ही अकरा वर्षांत एकदाही चुकला नाहीत!"

मी एकदाही नोंदवलेलं नाही. नोंदवावं लागतं हेच मला माहीत नव्हतं. घरातला संगणक फक्त एव्हर्ट उघडतो.

तो परसात कॅरव्हॅन धूत होता. मी पुढे जाऊन उभी राहिले. माझा चेहरा बघून त्याने नळ बंद केला.

"तू जाऊ नयेस असंच वाटायचं मला, डिने," तो म्हणाला. "पण नंबर गेला म्हणून राहिलीस, असं नको होतं."