हाताचं माप

मामाजी, तुम्ही गेलात तेव्हा तुमची नात, माझी पोर, पाळण्यात होती. आता पोंभुर्ण्याच्या त्याच खोलीत, तुमच्याच ऐरणीवर ती चांदीची कडी घडवते आणि फोनवर फोटो टाकून विकते. दुकान नाही, पाटी नाही, बाजारात बसणं नाही. मागच्या महिन्यात मला म्हणाली, "बाबा, तुमाले जे जे येते ते एका वहीत लिहून द्या. घडीघडी इचारू कोनाले?" मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. वही उघडली की मला घाम येतो. काही चुकीचं लिहिलं आणि पोरीने ते खरं मानलं तर?

तरी लिहिलं. कड्याची आतली बाजू आधी घास, कारण कातडीला तीच लागते. डाख देऊन सांधलेला जोड नखाने तपास, डोळा फसतो. फोटो सकाळच्या उजेडात, कुणाच्या तरी हातात घालून काढ. नुसतं कापडावर ठेवलेलं कडं केवढं आहे ते समजत नाही. चांदी किती आणि मजुरी किती ते वेगवेगळं सांग, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनात शंका राहत नाही. मोडलेला दागिना दुरुस्तीला आला तर दुसऱ्याच्या हातचा असला तरी परत पाठवू नको. आणि जास्त बोलू नको. हे शेवटचं तुम्ही मला बाजारात शिकवलं होतं. लग्नानंतर मी तुमच्या हाताखाली आलो, त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. एका बाईपुढे मी तोड्यांची एवढी तारीफ केली की ती तोडे ठेवून उठून गेली. तुम्ही चिलीम बाजूला ठेवून म्हणालात, "जवाईबापू, भाजी विकून राह्यले का जी? दागिना बाईच्या हातात द्या न चूप बसा. तिले सोताशी बोलू द्या." शेजारचा बांगड्यावाला दिवसभर मला "भाजीवाले जवाई" म्हणत होता.

पण माप कसं घ्यायचं, तिथे माझी वही अडली. तुमची रीत साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. कड्याचं माप द्यायला आलेल्या बाईला तुम्ही आधी अंगणातल्या विहिरीवरून चार बादल्या पाणी काढायला लावत असा. बाया हसत. एक म्हातारी तर दारातूनच ओरडायची, "सोनाराच्या घरी पानी भराले गिऱ्हाइक लागते वं बाई! बायको बसली गादीवर!" तुम्हीही हसत असा, पण तिने पाणी काढल्याशिवाय मापाचा दोरा हाताला लावत नसा. मला तो वेळकाढूपणा वाटे. तुम्ही एकदा गडचिरोलीला गेला होता, तेव्हा थंडीतल्या सकाळी आलेल्या एका नवरीचं माप मी तसंच घेतलं. कडं इतकं बेताचं बसलं की मी स्वतःवरच खूश झालो. मग धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती परत आली. दिवस दिवस चिखलात वाकून तिचा पंजा फुगला होता, मनगटाशी लाल वळ उठला होता, कडं निघत नव्हतं. तुम्ही कातरीने माझं कडं कापलं. ती गेल्यावर म्हणालात, "हात रिकामा असला तं कोनाचाही मावते. कामाचा हात पाहा न माप घ्या."

तो कापल्याचा आवाज मला अजून येतो. त्या दिवसापासून मी भितो. प्रत्येक कडं गुपचूप थोडं सैल करतो. इथल्या बायांना ते चाललं, कुणी तक्रार केली नाही, म्हणून मला वाटलं मी तुमची रीत शिकलो.

आता ऐका. गडचिरोलीच्या एका कचेरीत काम करणाऱ्या मुलीने तुमच्या नातीकडे कडं मागितलं. ते बरोबर बसलं तर बहिणींसाठी आणखी चार घेणार होती. माप दोऱ्याने घेऊन तिने फोनवर पाठवलं. पोरीने तेवढाच दोरा कापून, तीनदा ताडून कडं घडवलं, निमुळत्या दांड्यावर गोल केलं, आणि डबी आणायला बाहेर गेली. मी ते हातात घेतलं. मला त्या नवरीचा फुगलेला पंजा दिसला. लाकडी हातोडीने मी ते दांड्यावर दोन बोटं खाली, जाड भागाकडे उतरवून सैल केलं आणि जागेवर ठेवून दिलं.

परवा त्या मुलीचा फोन आला. गोड बोलली बिचारी. "ताई, डिझाइन लय मस्त आहे, पन गाडी चालवताना हातातून निघून पडून राह्यलं. बाकीचे राहू द्या सध्या." तिचा हात दिवसभर टेबलावर असतो, मामाजी. तो कशाला फुगेल? तुम्ही पाणी काढायला लावून समोरच्या बाईचा हात पाहत होता. मी कोणाचाच हात पाहिला नाही, फक्त माझी भीती मोजली.

काल पोर जेवली नाही. म्हणाली, "माप माह्याच्यानं चुकलं, बाबा. तीनदा घेऊनई चुकलं. मले हे जमत नाई." चंद्रपूरच्या एका शोरूममध्ये तिला काउंटरवर उभं राहायची नोकरी मिळते आहे, आज संध्याकाळपर्यंत हो म्हणून कळवायचं आहे. तुमच्या मुलीने, म्हणजे माझ्या बायकोने, तिला समजावलं, "एखांदं चुकते वं माय." मी बाजूला बसून मान हलवली. मान हलवली, मामाजी! एखांदं चुकते म्हणून.

आता चार वाजले आहेत. मधल्या भिंतीपलीकडे ती ऐरणीजवळ बसली आहे. तोच दोरा दांड्याला लावते, काढते, पुन्हा लावते. चूक कुठे झाली ते शोधते आहे. तिला ती सापडणार नाही. हे सगळं तिला सांगायचं म्हणून मी दुपारी उठलो होतो. दारापर्यंत गेलो, परत आलो, आणि तुम्हाला लिहायला बसलो, कारण तुम्ही रागावू शकत नाही.