तळाशी राहिलेलं

प्रिय युसरा,

अनेक दुवा. फोन केला असता, पण तो तुझ्या अम्मीच्या खाटेशीच चार्जिंगला असतो. लकव्यानं तिची जीभ गेली तरी कान शाबूत आहेत. गल्लीतला पोरगा माज आज पुण्याला निघालाय, म्हणून त्याच्या हाती हे पत्र.

तू औषधांचं शिकतेस, तर एक सांग. साखर पाण्यात दिसेनाशी होते, मीठही होतं. मग अम्मीची बीपीची गोळी का विरघळत नाही? तिला ती अख्खी गिळता येत नाही म्हणून फजरच्या नमाजानंतर मी ती पाण्यात घालतो. पाणी कोमट करून पाहिलं. गोळी खलबत्त्यात मैद्यासारखी कुटली. हात दुखेस्तोवर हलवली. शेजारच्या हसीनाबी खाला दारातून म्हणाल्या, "आयुब, दवा बनवतोस की शरबत?" शेवटी त्यांनी मक्केच्या उमऱ्याहून आणलेलं जमजमचं पाणी घेतलं. पांढरा गाळ त्यातही तसाच तळाशी बसला. वाटलं, माझीच नियत कच्ची असेल.

मग बेंबळीच्या शाळेतले महालिंगप्पा गुरुजी आठवले. म्हणायचे, ऊन पाणी, बारीक भुकटी, ढवळणं, यानं वस्तू लवकर विरघळते. पण मुळात विरघळायचं की नाही, हे त्या वस्तूचं आणि पाण्याचं आपसातलं. वाळू दिवसभर ढवळा, वाळूच राहील. तेव्हा नुसतं पाठ केलं. आताही पुरतं उमगलं नाही. जमजमचा दोष नाही, एवढं पटलं.

मी समजत होतो, दवा पाण्यात उतरली, खाली उरला तो चुना. वरचं पाणी चमच्यानं पाजायचो आणि गाळ कढीपत्त्याच्या बुडाशी ओतायचो.

काल डॉक्टर म्हणाले, गोळी लागू पडत नाही, जुम्म्यापासून दोन द्या. नेमानं देता ना, असंही विचारलं. मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतं, पण खरं होतं का? अम्मी रोज पाणी पिऊन झाल्यावर ग्लासाकडं बोट करते. तिला आणखी पाणी हवं असं समजून मी दुसरा ग्लास भरायचो आणि ती तोंड फिरवायची. मला वाटायचं, आजारानं चिडकी झाली. आज नीट पाहिलं. बोट तळाकडं होतं.

युसरा, मी ओतत आलो तीच दवा होती का? असेल, तर जुम्म्याला दोन गोळ्या गाळासकट देऊ की एकच? डॉक्टरांना कुठून सांगायला सुरुवात करू? हसीनाबींच्या फोनवर सांग. आजचा गाळ ओतला नाही. ताटलीखाली झाकून ठेवलाय, आणि अम्मी त्याच्याकडंच बघत पडलीय.

तुझाच,
अब्बा