जीपला लटकलेला डब्या

प्रिय अक्का,

तू गेलीस तेव्हा मी काहीच लिहिलं नाही. नववीत शाळा सोडलेल्या माणसाचा हात, तुला माहीतच आहे. पण आज डब्या माझ्या टेबलावर आला. आपला डब्या गं! आता हे तुला सोडून कोणाला सांगू?

आठवते ना ती रविवारची परदेशी सिरियल, हिंदीत बोलणारी? आकाशात फिरणारं जहाज, त्यात चार माणसं आणि एक लोखंडी माणूस. त्याचं खरं नाव आपल्याला कधी उच्चारता आलं नाही. त्याचं चौकोनी डोकं बघून तू म्हणालीस, "अगं माय, हा तर आपल्या पिठाच्या डब्यासारखा दिसून राहिला!" तेव्हापासून आपल्या हट्टा गावातल्या सगळ्या लेकरांसाठी तो डब्याच झाला.

तीच सिरियल आता नव्या मोठ्या टीव्हीसाठी स्वच्छ करून राहिले आहेत. आणि ते काम करतो कोण? तुझा गजू! हसू नको. पुणं झालं, सुरत झाली, कुठं टिकलो नाही. "तुझ्या पायाला भिंगरी हाय" म्हणायचीस ना? हैदराबादेत या ऑफिसच्या दारावर वॉचमन म्हणून लागलो. आत माणसं कमी पडली तेव्हा सरांनी विचारलं, "नज़र तेज़ है क्या?" मी म्हणालो, है. तेवढीच परीक्षा.

काम सांगतो. जुनी फिल्म म्हणजे एका सेकंदाला चोवीस चित्रं. प्रत्येकावर धूळ, केस, ओरखडे. बरंचसं मशीन पुसतं, त्याला न कळलेलं आमच्याकडं येतं. एकेक चित्र बघायचं, ठिपका धरायचा, पुसायचा. ज्वारी निवडल्यासारखं गं! मी निवडलेल्या ज्वारीत तुला नेहमी खडे सापडायचे. इथं तसं चालत नाही. संध्याकाळी डोळे मिटले तरी ठिपके दिसत राहतात. मान धरते. थकतो गं.

लागलो त्याच आठवड्यात मी काय केलं ऐक. काळंभोर आकाश समोर आलं, त्यात पांढरे ठिपके. बसलो पुसत. सगळं आकाश लख्ख काळं करून ठेवलं. सर आले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे भाई, तूने तो सारे तारे मिटा दिए!" अख्खी खोली हसली. मूळ फिल्म जागेवर होती म्हणून निभावलं. मग सरांनी शिकवलं, पुढचं चित्र बघायचं. ठिपका पुढच्यात नसला तर धूळ. पुढच्यात बी तिथंच असला तर चांदणी, हात लावायचा नाही.

हसता हसता माझा हात खिशाकडं गेला. तुला फोन लावून सांगावं वाटलं. फोन तर बाहेर लॉकरमधे ठेवावा लागतो. मग ध्यानात आलं, फोन खिशात असता तरी उचलायला तू कुठं होतीस?

आज आलेला भाग कोणता होता, ओळख. डब्या एकटा मागं राहतो तो! जहाजाचं दार बाहेरून दाबून धरल्याशिवाय ते उडत नव्हतं. बाकीचे आत चढले, डब्या खाली. जहाज हललं, आणि आपल्या घरची लाईट गेली. त्या दिवसांत लाईट कधी जाईल याचा नेम होता का? मी धावत शेजारच्या रशीदचाचाकडं गेलो, "चाचा, टीव्हीला लावायला ट्रॅक्टरची बॅटरी द्या ना, डब्या राहिला तिकडंच!" चाचा म्हणाले, "अन् मंग माझं ट्रॅक्टर कोन ढकलंल? तुझी अक्का?"

रडत घरी आलो. तू शेंगा फोडत बसली होतीस. मान बी वर न करता म्हणालीस, "रडू नको. आला तो घरी."

"कसा आला?"

"जहाजाच्या पायाला लटकून. जवळ्याच्या बाजारच्या दिवशी पोरं काळीपिवळी जीपला मागून लटकतात न्हाई का? तसा."

"पडला न्हाई?"

"पडंल कसा? हात भाजले, पर सोडलं न्हाई त्यानं."

"तुला काय म्हाईत?"

"मला बराबर म्हाईत हाय. शेंगा फोड."

अक्का, तू खोटं बोललीस गं! तो लटकला नाही. जहाज जातं, डब्या हात हलवतो, एका दगडावर बसतो. छातीवरचा दिवा फडफडतो आणि विझतो. संपलं. मी मागं-पुढं करून पाहिलं, जहाजाच्या पायाशी पाहिलं, कोपऱ्यांत पाहिलं. सर म्हणाले, "इसमें धूल कहाँ है?" मी म्हणालो, देख रहा हूँ.

चित्र आता इतकं साफ झालंय की जहाज जिला टांगलंय ती दोरी दिसते. डब्याच्या डोक्याला पुढं फट आहे, त्या फटीतून माणसाचे डोळे दिसतात. पत्र्याच्या आत दिवसभर उभा असलेला कोणी माणूस. दमलेले डोळे गं. आपल्याला तेव्हा काहून दिसले नसतील?

राग नाही आला तुझा. पण आरूचं काय करू, सांग? तुझी ही लेक दर रविवारी कुरुंद्याहून फोन करते. पहिला प्रश्न ठरलेला. "मामा, डब्या आला का तुमच्या ऑफिसात? मम्मी म्हणायची तो जीपला लटकल्यावानी घरी आला. आला ना मामा?" तू तिलाही तेच सांगितलंस! आणि दवाखान्यात जाताना बी तिला सांगितलंस, पोळ्याला घरी येते. मला त्याच्या आधी घरून फोनवर म्हणालीस, ॲसिडिटी हाय, येड्या, दुसरं काय. काहून गं? सगळ्यांना गोड शेवट तूच का सांगायचा? आमच्यातलं कोणी तुला काही सांगायला नको होतं का?

त्याच फोनवर तू म्हणालीस, "ऐक गजू, तुला एक सांगायचं व्हतं," आणि मग, "थांब, दूध उतू चाललं." ठेवलास फोन. परत लावलाच नाहीस. लाईट गेली मधेच, आणि पुढचं सांगणारी तर तूच होतीस.

आतापर्यंत मी आरूला म्हणत आलो, "तो भाग अजून आला न्हाई, लेकरा." ते खरं होतं. आता परवा रविवार. खरं सांगितलं तर ती विचारील, मग मम्मी खोटं बोलली? त्याला हो म्हणून मला मान हलवायची नाही. खोटं सांगितलं तर सिरियल बाहेर पडल्यावर ती स्वतःच बघेल. दाजींनी घरात भिंतीएवढा टीव्ही आणलाय.

आज दिवसभर ठिपके पुसता पुसता हाच विचार केला. इथलं काम सोडून कुठं तरी निघून जावं असं बी वाटलं, माझं ते जुनंच. नाही जाणार. हा भाग मीच पुरा साफ करीन, त्याच्या डोळ्यांपुढचा एकेक कण काढीन.

आणि तुला वचन देतो. रविवारी आरूला एवढंच सांगीन, "डब्या आलाय. मी आल्यावर सोबत बघू." सिरियल बाहेर पडली की मी कुरुंद्याला येईन, कितीही लांब असलो तरी. तिच्या शेजारी बसेन. जहाज हललं की पाणी पिण्याच्या निमित्तानं उठेन आणि मेन स्विच पाडीन. दाजी ओरडतील, ओरडू दे. पुढं मोठी झाल्यावर ती खरा शेवट बघेल, तेव्हा बघू दे. पण त्या दिवशी अंधारात मी तिच्याजवळ येऊन बसेन आणि विचारीन, "आरू, लाईट गेली बघ. पुढं काय झालं गं? तुला म्हाईत असंल, सांग."

ती सांगेल. मी मधेच विचारीन, पडला न्हाई का?

तुझा,
गजू